सुपीरियर सरोवरावरची नोव्हेंबरची वादळं आणि ‘चेटकीण’: खरं किती, ऐकीव किती?

रानवारा

नमस्कार. ७ ते ११ नोव्हेंबर मिनेसोटातल्या डुलूथला मुक्काम ठरतोय. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत. सुपीरियर सरोवराच्या काठावरून मोठ्या लाटा बघायच्या आणि जमलं तर १० तारखेला संध्याकाळी स्प्लिट रॉक दीपगृहावर जायचं, एवढाच बेत.

वाचायला घेतलं आणि गोंधळ वाढला. तिथले खलाशी या वादळांना ‘नोव्हेंबरची चेटकीण’ म्हणतात. एकीकडे लिहिलंय की तीन मोठ्या लाटा पाठोपाठ येतात, त्या ‘तीन बहिणी’, आणि तिसरी जहाज घेऊन जाते. दुसरीकडे लिहिलंय की सुपीरियर आपले मृत परत देत नाही. शिवाय पाण्याखाली राहणाऱ्या, शिंगं असलेल्या वाघाची गोष्ट आहेच. यातलं बघून-अनुभवून आलेलं किती आणि मागाहून जोडलेलं किती?

मूळ शंका अगदी साधी आहे. शेवटी हे गोड्या पाण्याचं तळं. तिथे एडमंड फिट्झगेराल्डसारखं २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज १९७५ मध्ये बुडतं कसं? आणि नोव्हेंबरच का?

लाटा कुठल्या वाऱ्याला कुठून बघायच्या आणि किती लांब उभं राहायचं, तेही सांगा. म्हातारी माणसं बरोबर असल्याने यात चूक नको आहे.

---

वायुभार

आधी ‘तळं’ हा शब्द बाजूला ठेवू. सुपीरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं. लांबी ५६० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २५७, सर्वांत खोल जागा ४०६ मीटर. लाट किती वाढणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती तास वाहिला, आणि मोकळ्या पाण्यावरून न अडता किती अंतर आला. तिसऱ्या गोष्टीला मी पुढे वाऱ्याची ‘धाव’ म्हणतो. सुपीरियरवर ही धाव दिशेप्रमाणे ३०० किलोमीटरच्याही वर जाते.

आता नोव्हेंबर का ते. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. ऑगस्ट-सप्टेंबरात साठलेली ऊब नोव्हेंबरातही पृष्ठभागावर शिल्लक असते, पाणी साधारण ५ ते ८ अंश सेल्सिअस. त्याच वेळी कॅनडाकडून येणारी हवा उणे १० पर्यंत उतरायला लागते. गार हवा उबदार पाण्यावर आली की खालून तापते, उसळते आणि वरची वेगवान हवा खाली ओढली जाते. शे-दोनशे मीटर उंचीवरचा सोसाट्याचा वारा थेट पाण्यावर येऊन आपटतो. एप्रिलात याच्या उलट असतं. तेव्हाही कमी दाबाची क्षेत्रं येतात, पण पाणी हवेपेक्षा गार असल्याने तळाशी जड हवेचा थर बसून राहतो आणि वारा वरच्यावर निघून जातो. नकाशावर तेवढ्याच दाबाचं वादळ असलं तरी नोव्हेंबरात पाण्यावरचा वारा जास्त आणि लाटही जास्त.

त्यात आकाशातला जोरकस वाऱ्याचा पट्टा, म्हणजे जेट प्रवाह, याच दिवसांत दक्षिणेला सरकलेला असतो. एक कमी दाबाचं क्षेत्र कोलोरॅडोकडून ओलावा घेऊन वर येतं, दुसरं अल्बर्टाकडून थंडी घेऊन खाली उतरतं. ही दोन्ही सरोवरांजवळ एकत्र आली की दाब कोसळतो. या अक्षांशावर २४ तासांत साधारण २० मिलिबारने दाब उतरला तर ते स्फोटक वादळ समजतात. २६ ऑक्टोबर २०१० ला मिनेसोटातल्या बिगफोर्कला ९५५.२ मिलिबार दाब नोंदला गेला. समुद्रकिनाऱ्यापासून इतक्या आत, जमिनीवर हा आकडा फार खाली आहे.

तुमचा खरा प्रश्न लाटेच्या घडणीचा आहे. महासागरात लांबून आलेल्या लाटेचा आवर्तनकाळ १४ सेकंद धरला, तर दोन माथ्यांमधलं अंतर ३०० मीटरच्या आसपास येतं. सुपीरियरवर धाव मर्यादित, म्हणून आवर्तनकाळ ८ ते १० सेकंद आणि अंतर १०० ते १५० मीटर. उंची दोन्हीकडे सातच मीटर माना. महासागरातली लाट लांबलचक चढणीसारखी येते, जहाज चढतं आणि उतरतं. इथली लाट उभ्या भिंतीसारखी. जहाजाची नाळ एका लाटेतून वर येते न येते तोच दुसरी अंगावर. ‘गोडं पाणी हलकं म्हणून लाटा धारदार’ असं बरेच जण सांगतात, पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा फक्त अडीच टक्क्यांनी हलकं आहे. तेवढ्याने लाटेचा आकार बदलत नाही. कारण धाव आणि आवर्तनकाळ हेच.

उंचीचा अंदाज हवा असेल तर, २४ ऑक्टोबर २०१७ ला दक्षिण काठावरच्या मार्केट (Marquette) या गावाच्या उत्तरेला ग्रॅनाइट बेटाजवळच्या तरंगत्या यंत्राने ८.८ मीटर लाट नोंदली. हवामान खात्याच्या आकड्यात ‘लाटेची उंची’ म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी सुटी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. काठावर उभं राहणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं.

चेटकिणीबद्दल माझं मत सांगतो. खलाशांनी ‘चेटकीण’ म्हटलं ते मुख्यतः तिच्या फसवेपणाला, आणि तो फसवेपणा खरा आहे. कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडून सरकत येताना आधी वारा ईशान्येचा असतो. केंद्र जवळ आलं की काही वेळ वारा पडतो, पाऊस थांबतो, आभाळही उघडतं. मग वारा वायव्येला फिरतो आणि पहिल्यापेक्षा जोरात सुटतो. ईशान्य वाऱ्याला आडोसा म्हणून उत्तर काठाने चाललेलं जहाज अशा वेळी उघड्यावर सापडतं.

१९१३ च्या वादळात, ७ ते १० नोव्हेंबर, हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. धोक्याची निशाणं चढलेली होती: काळ्या चौकोनाचा लाल बावटा आणि त्याच्यावर पांढरा त्रिकोणी, म्हणजे वायव्येचं वादळ. पण ८ तारखेला खालच्या सरोवरांवर, म्हणजे सुपीरियरच्या दक्षिणेकडच्या शेजारच्या मोठ्या सरोवरांवर, हवा निवळल्यासारखी दिसली. दोन प्रणालींच्या मधली ती उघडीप होती. बऱ्याच कप्तानांनी ती संधी समजून जहाजं हाकारली. ९ तारखेला एकट्या ह्युरॉन सरोवरात आठ जहाजं माणसांसकट बुडाली. एकूण १२ जहाजं बुडाली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली.

---

तांडेल_उत्तरेचा

वायुभार यांनी हवेचं सांगितलं, मी जहाजाच्या बाजूने लिहितो.

एडमंड फिट्झगेराल्ड ९ नोव्हेंबर १९७५ ला दुपारी विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरातून निघालं. पोटात २६,११६ टन टॅकोनाइट, म्हणजे लोहखनिजाच्या भाजून केलेल्या गोळ्या. जायचं होतं डेट्रॉइटजवळ झुग बेटावर. मागून आर्थर अँडरसन हे जहाज. संध्याकाळी जोराच्या वाऱ्याचा इशारा होता, रात्री दोनच्या सुमारास तो वाढवून वादळाचा केला. म्हणून दोघांनी कॅनडाच्या काठाचा उत्तरेचा मार्ग धरला. ईशान्य वाऱ्याला तो बरोबरच होता. १० तारखेला दुपारी वारा फिरला आणि सरोवराच्या पूर्व टोकाच्या व्हाइटफिश उपसागराकडे वळताना मागून अख्ख्या सरोवराची धाव त्यांच्या अंगावर आली.

साडेतीनच्या सुमारास कप्तान मॅकसोर्ली यांनी अँडरसनला कळवलं: कठड्याची तार तुटलीय, हवेचे दोन नळ गेलेत, जहाज एका बाजूला कललंय, दोन पंप चालू आहेत. मग रडार बंद पडले. व्हाइटफिश पॉइंटचा दिवा आणि रेडिओ संकेतही त्या दिवशी बंद होता. सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ‘आम्ही तग धरून आहोत’ अशा अर्थाचं शेवटचं बोलणं झालं. त्यानंतर अँडरसनच्या पडद्यावर ते जहाज दिसलंच नाही. उपसागराच्या आडोशापासून सुमारे २७ किलोमीटरवर, १६० मीटर खोल पाण्यात ते दोन तुकड्यांत पडलेलं आहे. २९ माणसं होती. एकही वाचला नाही, एकाचंही शव मिळालं नाही.

बुडालं कसं यावर आजही दोन तट आहेत. तटरक्षक दलाच्या चौकशीचा रोख हॅचच्या, म्हणजे डेकवरून माल भरायच्या तोंडांच्या, झाकणांवर होता. जहाजाला २१ हॅच, प्रत्येक झाकणाला हाताने आवळायचे ६८ चिमटे, म्हणजे एकूण १,४२८. एखादा ढिला राहिला किंवा झाकणाच्या कडेची पट्टी वाकली की लाट वरून गेली रे गेली की पाणी आत झिरपतं. मालाच्या खणांमधले पडदे जलरोधक नव्हते, त्यामुळे एका खणातलं पाणी सगळीकडे पसरे. खणात पाणी किती चढलंय हे दाखवणारं यंत्र नव्हतं, आणि गोळ्यांच्या फटींत पाणी मुरत असल्याने ते वरून दिसतही नाही. नाळ इंचाइंचाने खाली जाते, चाकावरच्या माणसाला जाणवतं ते फार उशिरा. दुसरा तट जहाजमालकांच्या संघटनेचा. त्यांच्या मते कॅरिबू बेटाजवळच्या सिक्स फॅदम शोलवर, म्हणजे सहा वाव पाण्यातल्या उथळ खडकावर, जहाजाचा तळ घासला आणि तिथून पाणी शिरलं. कलणं आणि हवेचे नळ तुटणं दोन्ही मतांत बसतं.

माझ्या मते याच्या जोडीला एक तिसरी गोष्ट सांगायलाच हवी. पाण्याच्या रेषेपासून डेकपर्यंतचं अंतर, ज्याला फ्रीबोर्ड म्हणतात, ते या जहाजासाठी १९६९, १९७१ आणि १९७३ असं तीनदा नियम बदलून कमी केलं होतं. बेरीज साधारण एक मीटर. सरोवरांवर माल भरायच्या खुणा ऋतूप्रमाणे बदलतात: १ मे ते १५ सप्टेंबर भर उन्हाळा, सप्टेंबरचा उरलेला भाग उन्हाळा, ऑक्टोबर मधला, १ नोव्हेंबरपासून हिवाळा. हिवाळी खुणेला जहाज सगळ्यात उंच तरंगायला हवं. खुणाच एक मीटरने सरकवल्यावर हिवाळ्याची उंची जुन्या हिशोबात फारशी हिवाळ्याची राहत नाही. सात मीटरच्या उभ्या लाटेपुढे एक मीटर थोडं वाटेल, पण डेकवर किती वेळा हिरवं पाणी, म्हणजे नुसते तुषार नव्हे तर सलग लाट, चढणार हे त्या मीटरवर ठरतं.

आता ‘तीन बहिणी’. खलाशी सांगतात ते असं: पहिल्या मोठ्या लाटेचं पाणी डेकवर चढतं, ते वाहून जायच्या आत दुसरी येते, आणि दोन्हींचा भार अंगावर असताना तिसरी. लाटा गटागटाने येतात हे खरं आहे. जवळजवळच्या आवर्तनकाळांच्या लाटा एकमेकींवर चढल्या की काही मोठ्या, मग काही लहान, असे पुंजके होतात. पुंजक्यात तीन असतील, चार असतील, दोनही असतील. तीन हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. पाणी ओसरायला लागणारा वेळ मात्र खरा, आणि १०० मीटर अंतराच्या लाटांत तो मिळत नाही. अँडरसनचे कप्तान कूपर यांनी सातच्या थोडं आधी आपल्या डेकवर दोन प्रचंड लाटा चढल्याचं आणि त्या फिट्झगेराल्डच्या दिशेने गेल्याचं सांगितलं. तिसरी लाट लोकांनी जोडली.

डॅनियल मॉरेल हे जहाज २९ नोव्हेंबर १९६६ ला ह्युरॉनवर मधोमध तुटलं. १९०६ चं जहाज, आणि जुन्या काळचं ते पोलाद थंडीत ठिसूळ होतं. त्याआधी १८ नोव्हेंबर १९५८ ला मिशिगन सरोवरात कार्ल ब्रॅडली असंच तुटलं होतं. मॉरेलवरचा एक माणूस वाचला, ब्रॅडलीवरचे दोन. तेव्हा नोव्हेंबरला घाबरणं ही खलाशांची अंधश्रद्धा होती असं कुणी म्हणू नये.

---

मृण्मयी_क

लोककथांचा भाग मी घेते.

‘मृत परत देत नाही’ याचं कारण पाण्याच्या थंडीत आहे. बुडालेलं शरीर काही दिवसांनी वर येतं ते आतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या वायूमुळे. सुपीरियरच्या खोल पाण्याचं तापमान वर्षभर ४ अंशांच्या आसपास राहतं, तिथे जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. वायू नाही, म्हणून शरीर वर येत नाही. ७ डिसेंबर १९२७ च्या सुमारास आइल रॉयल बेटाजवळ बुडालेलं कॅमलूप्स हे जहाज १९७७ मध्ये पाणबुड्यांना सापडलं, तेव्हा आतले अवशेष साबणासारख्या पांढऱ्या मेणात बदलून टिकून होते. अशा जागा म्हणजे समाधी आहेत. त्यांची छायाचित्रं शोधत बसू नये, एवढी माझी विनंती.

शिंगं असलेला वाघ म्हणजे मिशिपेशू. ओजिब्वे या सरोवराकाठच्या मूळ रहिवासी लोकांचा हा पाण्याखालचा बलवान रहिवासी: अंग मोठ्या मांजराचं, डोक्यावर तांब्याची शिंगं, पाठीवर काटे, लांब शेपूट. शेपूट हलली की भोवरे उठतात आणि वादळ होतं. सरोवराच्या तळाचं आणि बेटांवरचं तांबं त्याच्या राखणीत. मिशिपिकोटन बेटाची कथा सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रसारक क्लोद दाब्लों यांनी लिहून ठेवली आहे. चार माणसं बेटावर उतरली. जेवण शिजवायला झाडाच्या सालीच्या भांड्यात पाणी घेतलं आणि त्यात काठावरचे दगड लाल तापवून टाकले. ते दगड जवळजवळ निव्वळ तांब्याचे होते. निघताना थोडं तांबं बरोबर घेतलं, तेव्हा पाण्यातून गर्जना आली: माझ्या लेकरांचे पाळणे आणि खेळणी चोरून नेणारे हे कोण? चौघेही एकेक करून मेले. शेवटचा घरी पोचून गोष्ट सांगून गेला. तांब्याने जेवण विषारी झालं असावं, असा दाब्लों यांचा तर्क.

तो तर्क मला पटण्यासारखा वाटतो, पण कथेचं मोल तर्कावर नाही. वायुभार आणि तांडेलकाकांनी ‘चेटकीण’ आणि ‘बहिणी’ उलगडल्या ते ठीक आहे, कारण त्या खलाशांच्या बोलीतल्या उपमा आहेत. मिशिपेशू उपमा नाही. ओजिब्वे लोकांच्या श्रद्धेत तो आजही आहे. ओन्टारियोतल्या अगावा कड्यावर गेरूच्या लाल रंगात त्याचं चित्र आहे, शेजारी होडी आणि खाली दोन सर्प. सरोवर ओलांडण्याआधी पाण्यात चिमूटभर तंबाखू सोडतात, तिला असेमा म्हणतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना जो भाव असतो, त्याच्या जवळचा हा भाव. फरक काळाचा. आपल्या कोळ्यांची होडी श्रावणी पौर्णिमेनंतर समुद्रात जाते, कारण पावसाळी दर्या शांत होऊ लागतो. तिथे शरद ऋतू संपता संपता पाणी बंद होतं.

याला जोडूनच एक गोष्ट आहे, ती मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. ओजिब्वे परंपरेत मेघगर्जना करणारे थंडरबर्ड, म्हणजे गर्जनेचे पक्षी, पाण्याखालच्या शक्तींचे वैरी. ते वसंतात दक्षिणेकडून इतर पक्ष्यांबरोबर येतात आणि पानगळीत निघून जातात. त्या भागात गडगडाट खरोखरच एप्रिल ते ऑक्टोबर याच काळात ऐकू येतो. हस्ताचा गडगडाट संपला की पावसाळा सरला असं आपण धरतो, तसंच हे एक पंचांग. नोव्हेंबरात आकाशातला राखणदार गेलेला असतो आणि सरोवर खालच्याच्या ताब्यात उरतं. वादळ येतं ते न गडगडता.

मागाहून जोडलेलं कसं ओळखायचं याचीही खूण सांगते. अपशकुन बहुधा जहाज बुडाल्यावर आठवतात. फिट्झगेराल्डच्या जलावतरणाला १९५८ मध्ये बाटली तिसऱ्या प्रयत्नात फुटली. हे खरं आहे, पण जहाज मधली सतरा वर्षं उत्तम चाललं तोवर ते कुणी अपशकुन म्हणून सांगत नव्हतं. १९१३ च्या वादळात चार्ल्स प्राइस या जहाजावरच्या मृतांच्या अंगावर रेजिना या दुसऱ्या जहाजाची जीवरक्षक जाकिटं होती, म्हणजे दोन जहाजं आदळली असणार, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. उलटं तरंगणाऱ्या प्राइसखाली पाणबुड्या उतरला, त्याला टकरीची खूण दिसली नाही. तरी गोष्ट टिकली, कारण दोन बुडत्या जहाजांवरच्या माणसांनी शेवटच्या घटकेला एकमेकांना हात दिला असेल असं मानावंसं वाटतं.

आणि एक पाकीट. २३ नोव्हेंबर १९१२ ला रूझ सिमन्स हे नाताळची झाडं शिकागोला नेणारं शिडाचं जहाज मिशिगन सरोवरात बुडालं. पुढे कितीतरी वर्षं कोळ्यांच्या जाळ्यांत सूचिपर्णी झाडं येत राहिली. १९२४ मध्ये कप्तान शूनमान यांचं मेणकापडात गुंडाळलेलं पाकीट जाळ्यातून वर आलं, आतले कागद शाबूत. जहाज १९७१ मध्ये सापडलं तेव्हा झाडं अजून खणात रचलेली होती.

---

रानवारा

तिघांचेही मनापासून आभार. मृण्मयीताई, अगावाचा कडा बघायची इच्छा झाली. या दिवसांत जमेल का? आणि डुलूथला नेमकं कुठे उभं राहायचं, वारा बघून ठरवायचं म्हणजे काय बघायचं, हे कुणीतरी पायरीपायरीने सांगा. आई-बाबांना गाडीतून बघता आलं तर सर्वांत बरं.

---

वायुभार

अगावा या फेरीत नको. चित्रं पाण्यालगतच्या उतरत्या खडकाच्या अरुंद कट्ट्यावरून बघावी लागतात. लाट असली किंवा बर्फाचा पापुद्रा असला की माणूस थेट पाण्यात. ती जागा उन्हाळ्यातल्या शांत दिवसाची.

डुलूथसाठी सांगतो. हवामान खात्याच्या डुलूथ कार्यालयाचा सागरी अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ बघा. काठापासून पाच सागरी मैलांपर्यंतचा वेगळा आणि खुल्या सरोवराचा वेगळा असतो, दोन्ही वाचा. पहिल्यांदा वाऱ्याची दिशा बघा, वेग नंतर. डुलूथ सरोवराच्या पश्चिम टोकाच्या चिमट्यात आहे. ईशान्य किंवा पूर्वेचा वारा सगळी धाव घेऊन तिथेच येतो. वारा वायव्येला फिरला की तो जमिनीवरून पाण्याकडे वाहतो. त्या वेळी व्हाइटफिशकडे डोंगराएवढ्या लाटा असल्या तरी डुलूथच्या काठाला पाणी जवळजवळ सपाट दिसतं. ‘वादळाचा इशारा आहे पण लाटा नाहीत’ अशी निराशा होते ती याच कारणाने.

मग वेग. ३४ ते ४७ नॉट, म्हणजे ताशी ६३ ते ८७ किलोमीटर, याला गेल वॉर्निंग. ४८ ते ६३ नॉटला स्टॉर्म वॉर्निंग. ईशान्येचा गेल आठ-दहा तास टिकणार असेल तर बघण्यासारख्या लाटा हमखास. त्याहून जास्त असेल तर काठावर जायचंच नाही, उंचावरूनच बघायचं. बऱ्याच ठिकाणची तरंगती यंत्रं बर्फाच्या आधी, शरदाच्या शेवटीच काढून नेतात. तेव्हा ‘आत्ता लाट किती’ याचा मोजलेला आकडा न मिळता नुसता अंदाज मिळाला तर गोंधळू नका.

जागा: कॅनाल पार्कमधला जहाजांचा कालवा आणि वरचा उचलपूल प्रसिद्ध आहे. कालव्याच्या दोन्ही बाजूंना लांब काँक्रीटचे धक्के पाण्यात गेले आहेत. लाटा असताना त्या धक्क्यांवर पाऊल टाकू नका, पाच मिनिटं लाट चढली नसली तरीही. वर लिहिलेला पुंजका आठवा: लहान लाटांची पाच-दहा मिनिटं आणि मग एकदम दुप्पट उंचीची एक. १९६७ मध्ये उत्तरेच्या धक्क्यावरून तीन भाऊ आणि त्यांना शोधायला गेलेला तटरक्षक दलाचा एक जवान असे चौघे गेले. २०१७ च्या ऑक्टोबरमधल्या त्या ८.८ मीटरच्या दिवशी मार्केटला खडकांवरून लाटा बघणारे दोघे ओढले गेले.

ओलं कुठवर झालंय ते बघा. काल रात्रीपासून जिथवर पाणी, वाळू किंवा बर्फाचा चकचकीत थर दिसतोय, ती लाटेने आखलेली रेषा. तिच्या मागे किमान ३० मीटर. किनाऱ्यावर गोटे असतील तर आणखी मागे, कारण मोठी लाट नारळाएवढे गोटे आणि ओंडके वर फेकते. २०१७ आणि २०१८ मधल्या तीन वादळांनी डुलूथचा काठावरचा पादचारी मार्ग असाच फोडला होता.

आई-बाबांसाठी गाडी काठाला समांतर लावा, तोंड बाहेर पडायच्या दिशेला, पाण्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच वर असलेल्या जागी. टेकडीवरच्या स्कायलाइन पार्कवेवरून अख्खा चिमटा दिसतो, लाटांच्या पांढऱ्या ओळी आणि आत येणारं जहाजही. खाली उतरणार असाल तर बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या हव्यातच. तुषार उडून फरशीवर गोठतो, त्यावर सत्तरीतल्या माणसाचा पाय घसरणं हा लाटेपेक्षा जवळचा धोका आहे.

कुणी पाण्यात पडलंच तर मागे उडी मारायची नाही. ५ अंशांच्या पाण्यात पहिलं मिनिट धाप लागण्यात जातं, त्याच वेळी पाणी फुप्फुसात शिरतं. हातपाय चालतात ते पुढची जेमतेम दहा मिनिटं. ९११ ला फोन, बोट त्याच्यावर रोखून नजर न हटवणं, आणि दोर किंवा तरंगणारं काहीही फेकणं, इतकंच करायचं.

---

कुतूहल

जाता जाता भर. वारा फिरण्याची फसवणूक सैबेरियातल्या बैकल सरोवरावरही आहे, पण तिथलं यंत्र वेगळं. सार्मा नावाचा वारा पश्चिम काठावरच्या त्याच नावाच्या नदीच्या घळीतून येतो. प्रिमोर्स्की डोंगररांगेच्या मागे गार जड हवा तुंबते आणि एकदम ओसंडते. झोत सेकंदाला ४० मीटरच्या वर जातो, जोर शरदाच्या शेवटी. तिथले लोक डोंगरमाथ्यावर बसलेल्या धारदार कडांच्या ढगांकडे बघतात. ढग आणि माथा यांच्यात फट दिसली की ‘दार उघडलं’, आणि होड्या लगेच काठाला. दंतकथेत बार्गुझिन आणि कुल्तुक हे दोन वारे या उग्र सार्मेला मागणी घालायला एकमेकांशी भांडतात. नुसती फट बघून होडी ओढणं हे सुपीरियरच्या ‘उघडिपीवर भरवसा ठेवू नये’ याच जातीचं ज्ञान आहे.

---

तांडेल_उत्तरेचा

स्प्लिट रॉकचं राहिलं. डुलूथहून ६१ क्रमांकाच्या रस्त्याने साधारण ७५ किलोमीटर. २७-२८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात या सरोवरावर खूप जहाजं फुटली. माताफा हे जहाज तर डुलूथच्या कालव्याच्या तोंडाशीच आदळून अडकलं, हजारो लोक काठावरून बघत होते आणि मागच्या भागातली नऊ माणसं रात्रीत थंडीने गेली. त्यानंतर मालकांनी सरकारकडे लकडा लावला आणि १९१० मध्ये ४० मीटरच्या कड्यावर हे दीपगृह सुरू झालं. १९६९ पासून ते नौकानयनासाठी बंद आहे.

दरवर्षी १० नोव्हेंबरला संध्याकाळी तिथे फिट्झगेराल्डवरच्या २९ जणांची नावं वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल, आणि तिसावा टोल सरोवरांवर गेलेल्या सगळ्यांसाठी. मग दिवा लावतात. पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी उजेडातच पोचा. गर्दी असते, कड्यावर वारा बोचरा असतो, उभं राहावं लागतं. आई-बाबांसाठी घडीची खुर्ची, जाड घोंगडी आणि गरम पाण्याचा थर्मास बरोबर ठेवा. परतीचा रस्ता अंधाराचा आणि हरणांचा आहे, सावकाश चालवा. त्या दिवशी ईशान्येचा इशारा असेल तर संध्याकाळचा बेत सोडून दुपारी चारच्या आत डुलूथला परत या.